जाड म्हणजे चांगलं नव्हे!



बाजारात गेलं की आपल्या हाताला एक सवय असते. पातेलं उचललं की आधी बूड चाचपायचं. सतरंजी असो की चादर, दोन बोटांच्या चिमटीत धरून तिचा पोत पाहायचा. माल जाड लागला की "टिकेल हो!" म्हणून मान हलवायची. ही सवय वाईट नाही. तिच्यामुळे आपले कितीतरी पैसे वाचले आहेत. पण एक वस्तू अशी आहे, की तिथं ही सवय हमखास फसवते. ती वस्तू म्हणजे लिथोफेन.

नाव परकं वाटलं तरी वस्तू तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली असेल. भेटवस्तूंच्या दुकानात नाहीतर प्रदर्शनात एक पांढरी, खडबडीत फरशी ठेवलेली असते. नुसती पाहिली तर वाटतं, गिलावा नीट बसलेला नाही. पण मागचा दिवा लावला की त्याच फरशीतून बाळाचा हसरा चेहरा, लग्नातलं जोडपं नाहीतर आजोबा समोर येतात. रंगाचा एक थेंबही न वापरता! आता आपल्या गावागावांत थ्री-डी प्रिंटरवर आणि कोरण्याच्या यंत्रावर अशी चित्रं करून देणारे झाले आहेत. वाढदिवस, अमृतमहोत्सव, वर्षश्राद्ध अशा निमित्तानं ती करून घेण्याची हौसही वाढली आहे. दुकानदार विचारतो, "ताई, किती जाडीचं करू?" आणि आपण सवयीनं सांगून मोकळ्या होतो, "चांगलं जाडजूड करा." तिथंच घोटाळा होतो.

चित्र उमटतं कसं?

उडदाचा लाटलेला कच्चा पापड खिडकीशी धरून पाहा. कड पातळ असते, तिथून उजेड झिरपतो. लाटणं जिथं नीट फिरलेलं नाही, तिथं जाड भाग राहतो आणि तो काळपट दिसतो. पापड सगळा एकाच पिठाचा, पण जाडी बदलली की उजेड बदलतो. लिथोफेनचं सारं रहस्य एवढंच. फोटोत जिथं केस, भुवया, कोटाचा काळा रंग, तिथं माल जाड ठेवायचा. जिथं कपाळ, शर्टाची कॉलर, दातांची शुभ्र रेघ, तिथं तो पातळ करायचा. मधल्या छटांना मधली जाडी.

म्हणजे इथं जाडी हा मजबुतीचा भाग नाही, ती चित्राची शाई आहे. शाई जास्त ओतली म्हणून अक्षर सुंदर होत नाही, कागद तेवढा बरबटतो. ही एक गोष्ट मनात पक्की केली, की पुढचं सगळं सोपं जातं.

मेणापासून यंत्रापर्यंत

ही कला यंत्रांच्या फार आधीची आहे. पॉल द बूर्गोइंग या फ्रेंच सरदारानं १८२७ साली पॅरिसमध्ये तिचं पेटंट घेतलं. ग्रीक भाषेत 'लिथोस' म्हणजे दगड, आणि दिसणं किंवा प्रकट होणं या अर्थाच्या शब्दापासून 'फेन' आला. थोडक्यात, दगडातून प्रकटणारं चित्र. पुढे जर्मनीत माइसेन आणि बर्लिन इथल्या चिनीमातीच्या कारखान्यांनी अशी चित्रं मोठ्या प्रमाणावर केली. खिडकीच्या तावदानाला लावायच्या फरश्या, दिव्याच्या घुमट्या, इतकंच काय, बिअरच्या पेल्यांच्या बुडालाही ही चित्रं असत. पेला रिकामा करून उजेडाकडे धरला की बुडातून चित्र दिसायचं!

करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. काचेवर मेणाचा थर द्यायचा, काचेखालून उजेड घ्यायचा आणि बारीक हत्यारांनी मेण कोरत जायचं. जसजसं मेण निघेल तसतसा उजेड वाढेल, आणि कारागिराला चित्र डोळ्यांसमोर उमलताना दिसेल. मग त्या मेणावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यातून चिनीमातीची फरशी आणि शेवटी भट्टी. भट्टीत चिनीमाती आकसते, प्रसंगी वाकते, तडकते. तेव्हा जाडीचा हिशेब त्या आकसण्यासकट करावा लागे.

आज मेणाऐवजी संगणक फोटोतला प्रत्येक ठिपका किती काळा, किती पांढरा ते मोजतो आणि त्याप्रमाणे जाडी ठरवतो. पण सर्वांत पातळ किती आणि सर्वांत जाड किती, हे दोन आकडे त्याला माणसानंच सांगावे लागतात. ते चुकले तर यंत्र बिचारं चुकीचंच काम अगदी बिनचूक करून देतं!

दुधाच्या पेल्याचा हिशेब

आता जरा शाळेत जाऊ या. घाबरू नका, गणित पाढ्यांइतकंच आहे.

समजा, आपल्या मालाचा १ मिलिमीटर जाडीचा तुकडा निम्मा उजेड अडवतो आणि निम्मा पुढे सोडतो. मग २ मि.मी. जाडीतून किती येईल? पुष्कळ जणी म्हणतील, काहीच नाही. निम्मा पहिल्यानं अडवला, निम्मा दुसऱ्यानं. तसं होत नाही. दुसरा मिलिमीटर त्याच्यापर्यंत पोचलेल्या उजेडाच्या निम्मा अडवतो. पेलाभर दुधातलं निम्मं काढून तेवढंच पाणी घातलं, पुन्हा निम्मं काढून पुन्हा पाणी घातलं, तर दूध संपत नाही, पण प्रत्येक वेळी निम्म्यानं पातळ होत जातं. तसंच इथं. १ मि.मी.मधून निम्मा उजेड, २ मधून पाव, ३ मधून एक अष्टमांश, ४ मधून एक षोडशांश, ५ मधून बत्तिसावा हिस्सा आणि ६ मधून चौसष्टावा. प्रत्यक्ष मालात हे प्रमाण थोडं इकडेतिकडे होतं, पण ठोकळ मानानं चाल हीच.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली म्हणजे खरी किंमत पहिल्या दोन-तीन मिलिमीटरची असते. सगळ्या कोवळ्या छटा, गालाचा उठाव, डोळ्यांतली चमक, हे तेवढ्यात घडतं. दुसरी म्हणजे ५ आणि ६ मि.मी.मधला फरक डोळ्याला जवळजवळ कळतच नाही. दोन्ही काळेच. तेव्हा त्यापुढचा माल हा नुसता काळोख विकत घेणं आहे.

पैसे न घालवता याची खात्री करायची असेल, तर कोरे कागद घ्या. खिडकीच्या काचेवर एक कागद लावा, त्यावर दुसरा बोटभर खाली सरकवून, त्याखाली तिसरा, असा जिना करा. वरच्या पायऱ्यांमधला फरक लख्ख दिसतो. पुढे पुढे तो पुसट होत जातो आणि मग कितीही कागद लावा, दृष्टीला सारखेच. मी शाळेत मुलींना हा प्रयोग करायला देते. फरक दिसेनासा होतो ती पायरी बरोबर शोधून काढण्यात त्यांची चढाओढ लागते. तुमच्या मुलांनाही सुटीत जरूर द्या.

सातारच्या भगिनींचं पत्र

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगायला एक पत्र कारण झालं. सातारच्या एका भगिनी लिहितात, की त्यांच्या वडिलांचा एकच चांगला फोटो घरात आहे. आईंच्या पंचाहत्तरीला त्याचं लिथोफेन भेट द्यायचं ठरलं. दुकानातला नमुना सुरेख होता, तळहाताएवढा. "आईची दृष्टी अधू आहे, म्हणून म्हटलं, असंच पण दुप्पट मोठं करा," असं त्या लिहितात. वस्तू घरी आली, दिवा लावला. कॉलर आणि कपाळाचा पट्टा तेवढा उजळला, बाकी चेहरा अंधारात. आई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोण गं हे?" पत्रात पुढे एकच ओळ आहे: "त्या प्रश्नानंतर आम्हा कुणाला जेवण गेलं नाही."

दुकानदार म्हणाला, फोटोच जुना आहे. भगिनी विचारतात, खरंच फोटोचा दोष का? आणि पुन्हा करून घ्यायचं तर काय सांगू?

फोटोची प्रत त्यांनी सोबत पाठवली आहे, ती मी पाहिली. जुना असला तरी फोटो स्वच्छ आहे. वस्तूचं मापही त्यांनी घेऊन कळवलं आहे. सर्वांत जाड जागी ६ मि.मी. आणि सर्वांत पातळ जागी दीड मि.मी.हून थोडं जास्त. दोष तिथंच आहे. दुकानातला नमुना बहुधा ०.८ ते ३ मि.मी.चा असावा, कारण या मालाला तीच जाडी सर्रास ठेवतात. संगणकावर 'दुप्पट करा' म्हटलं, की लांबी आणि रुंदीबरोबर जाडीही दुप्पट होते, मुद्दाम रोखली नाही तर. मघाचा हिशेब लावून पाहा. गालाची छटा जिथं २ मि.मी.ची होती, तिथं पाव उजेड येत होता. ती जागा ४ मि.मी.ची झाली आणि उजेड उरला एक षोडशांश. म्हणजे मूळच्या चौथा हिस्सा. चेहरा काळवंडला यात नवल नाही.

तेव्हा सगळ्याच जणींनी हा नियम लिहून ठेवा: चित्र कितीही मोठं करा, जाडी वाढवू नका. वीतभर चित्राला जी जाडी, तीच हातभर चित्राला. उजेडाला चित्राच्या लांबीरुंदीशी देणंघेणं नाही, त्याला फक्त आरपार जायचं असतं.

त्या भगिनींना माझं सांगणं असं. त्याच मालात, त्याच मोठ्या आकारात पुन्हा करून घ्या, पण "सर्वांत पातळ ०.८ आणि सर्वांत जाड ३ मिलिमीटर" असं कागदावर लिहून द्या. फोटोत वडिलांच्या मागे बरीच भिंत आहे. ती कापून चेहरा मोठा घ्या. अधू दृष्टीला मोठा चेहरा आणि भरपूर उजेड, दोन्ही हवेत. खर्च पुन्हा होणार, हे मला कळतं. पण मोठं चित्र करण्याआधी नुसत्या चेहऱ्याचा, चार बोटं रुंदीचा तुकडा करून मागा. त्याला माल थोडा लागतो, आणि आईंच्या पुढे काय ठेवायचं ते आधीच कळतं.

कोणत्या मालाला किती जाडी?

सरसकट एक आकडा सांगता येत नाही. कणीक एकच असली तरी फुलक्याची जाडी वेगळी आणि भाकरीची वेगळी, तसं इथंही. ढोबळ माहिती अशी:

*थ्री-डी प्रिंटरचा पांढरा पीएलए:* सर्वांत पातळ ०.८ मि.मी., सर्वांत जाड २.५ ते ३. आतून पूर्ण भरीव करायला सांगा. आत जाळी राहिली तर ती चेहऱ्यावर नक्षीसारखी उमटते. आणि चित्र आडवं न करता उभं छापायला सांगा. आडवं छापताना ०.२ मि.मी.चे थर एकावर एक चढतात. ०.८ पासून ३ पर्यंत असे अकराच थर होतात, म्हणून छटाही मोजून तेवढ्याच मिळतात आणि गालावर नकाशातल्या डोंगरासारख्या रेघा दिसतात. रंग पांढराच घ्या. त्यातही चकचकीत, चंदेरी झाक असलेला नको.

*स्वयंपाकाच्या ओट्याचा कृत्रिम दगड:* कोरिअन या नावानं जो ओळखला जातो, त्या जातीचा. यंत्रावर हा फार सुंदर कोरला जातो आणि चिनीमातीसारखा दिसतो. तो ६ आणि १२ मि.मी. जाडीत येतो. ओट्याचा उरलेला १२ मि.मी.चा तुकडा घरात असतो, आणि "वाया कशाला घालवा" म्हणून आपण तोच पुढे करतो. पण तेवढ्या जाडीतून उजेड येत नाही, आधी तो तासून पातळ करावा लागतो. सरळ ६ मि.मी.चा घ्यावा आणि कोरल्यावर जाड जागी ३ ते ४, पातळ जागी १ च्या आसपास ठेवायला सांगावं. त्याहून पातळ केला तर हा दगड कोरतानाच फुटायची भीती. शुद्ध पांढरा निवडावा. ठिपकेदार घेतला तर वडिलांच्या गालावर देवीचे व्रण!

*दुधी अ‍ॅक्रिलिक:* दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे ३ आणि ५ मि.मी.चे पत्रे मिळतात. दुधीपणा कमीजास्त असतो. एक पत्रा उजेड भरपूर सोडतो, दुसरा फारसा नाही. पातळ दुधी असेल तर ३ मि.मी.मध्ये काळं पुरेसं काळं होत नाही, चित्र धुवट दिसतं. तिथं ५ चा घ्यावा. दाट असेल तर ३ पुरतो. म्हणजे जाडपणाचा मोह टाळा म्हणाले, तरी काही ठिकाणी जाड पत्रा लागतोच, तो काळ्यासाठी. पारदर्शक काचेसारखा पत्रा मात्र या कामाचा नाही. तो सगळाच उजेड सोडून देतो, मग छटा येणार कुठून?

*मेण:* घरी करण्याजोगं. ५ ते ६ मि.मी.चा थर. त्याची कृती खाली देते.

पायऱ्यांची पट्टी

वरचे आकडे ही सुरुवात समजा. शेवटचा शब्द आपल्या मालाचा आणि आपल्या दिव्याचा. त्यासाठी पायऱ्यांची पट्टी करून घ्यावी. रंगाऱ्याकडून भिंतीवर आधी हातभर पट्टा मारून घेतो ना, तसंच.

ज्या मालाचं चित्र करायचं, त्याचीच बोटभर रुंद पट्टी करायला सांगा. तिच्यात ०.८, १.२, १.६, २, २.४, २.८ आणि ३.२ मि.मी. अशा सात पायऱ्या असाव्यात. जो दिवा मागे लावणार तोच दिवा, ज्या खोलीत ठेवणार तीच खोली, आणि ज्या वेळी पाहणार तीच वेळ. पट्टी दिव्यापुढे धरा आणि दोन गोष्टी पाहा.

एक, पातळ टोकाकडे. ज्या पायरीतून दिव्याचा ठिपका उघडा दिसत नाही आणि जी बोटानं हलकेच दाबली तरी लवत नाही, ती आपली सर्वांत पातळ जाडी.

दोन, जाड टोकाकडे. ज्या पायरीनंतर शेजारच्या दोन पायऱ्या सारख्याच काळ्या दिसू लागतात, ती आपली सर्वांत जाड जाडी. त्यापुढे जाऊ नये.

हे दोन आकडे दुकानदाराला लिहून द्या. एक आकडा कधीही सांगू नका, नेहमी दोन सांगा. वस्तू घेताना मोजूनही पाहा. मुलांच्या प्रयोगशाळेतलं व्हर्निअर कॅलिपर मिळालं तर उत्तम. नाहीतर झेरॉक्सचे दहा कागद म्हणजे सुमारे १ मिलिमीटर, हे माप घरोघरी आहे.

घरी करून पाहायचं असेल तर

साहित्य: वीतभर लांब आणि चार-पाच बोटं रुंद काचेचा तुकडा (कडा घासून घेतलेला), पांढऱ्या मेणबत्त्या, थोडी घट्ट भिजवलेली कणीक, झेरॉक्सचे कागद, स्टीलची पट्टी, जुनी विणकामाची सुई, टूथपिक, एलईडी दिवा आणि बटर पेपर. १५ सें.मी. लांब, १० सें.मी. रुंद आणि ६ मि.मी. जाड थराला साधारण ८० ग्रॅम मेण लागतं. सांडलवंड धरून १०० ग्रॅम घ्यावं.

कृती: काचेच्या चारही कडांना कणकेचा बांध घाला. मेणबत्त्यांच्या वाती काढून तुकडे एका डब्यात घ्या आणि डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवा. थेट आचेवर मेण कधीही ठेवू नका. चुकून पेटलंच तर गॅस बंद करून वर झाकण दाबा, पाणी मुळीच ओतू नका. काच जराशी कोमट करून घ्या, नाहीतर तडकेल. मेणाच्या कडेला साय धरू लागली की संथपणे काचेवर ओता आणि हलवू नका. पूर्ण निवू द्या.

आता थर सारखा करायचा. झेरॉक्स कागदांच्या पट्ट्या कापून ६० - ६० च्या दोन गड्ड्या करा, चिकटपट्टीनं घट्ट बांधा आणि बांध काढून मेणाच्या दोन्ही बाजूंना काचेवरच ठेवा. त्यांच्यावर स्टीलची पट्टी टेकवून सरकवत मेण खरवडा. थर बरोबर ६ मि.मी.चा होतो. अशाच ५०, ४०, ३० कागदांच्या गड्ड्या करून एका कोपऱ्यातल्या तुकड्यावर तुमची पायऱ्यांची पट्टीही तयार होते.

काचेखाली एलईडी दिवा ठेवा, मध्ये बटर पेपर. खोलीतले बाकीचे दिवे मालवा. फोटोची रेघ मेणावर हलकेच गिरवून घ्या आणि कोरायला लागा. आधी सर्वांत उजळ जागा, मग मधल्या छटा. केस आणि काळा कोट यांना हातच लावायचा नाही. मेण काचेवरच राहणार असल्यानं मोडायची भीती नाही, म्हणून उजळ जागा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नेता येतात. एखादी जागा जास्त कोरली गेली तर तिथं वितळलेल्या मेणाचा थेंब सोडावा, निवला की पुन्हा कोरावं. दगडावर ही सोय नाही! पहिल्या खेपेला चेहरा घेऊ नका. जास्वंदीचं फूल, समई, नाहीतर मोराचं पीस घ्या.

बोटांनाही दिसणारं चित्र

लिथोफेनचा आणखी एक उपयोग वाचून मला फार बरं वाटलं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात एक काम प्रसिद्ध केलं. शास्त्रातले आलेख आणि आकृत्या त्यांनी लिथोफेनमध्ये केल्या. डोळस माणसानं त्या उजेडात पाहाव्या आणि अंध माणसानं त्याच बोटांनी वाचाव्या. दोघांसाठी वेगळी पुस्तकं नकोत, एकाच फरशीवर दोघांना बोलता यावं, हा हेतू.

घरात अधू दृष्टीचं माणूस असेल तर हे ध्यानात ठेवा, पण एक गंमत समजून घेऊन. लिथोफेन ही मूर्ती नव्हे. इथं नाक वर येत नाही, मिशा वर येतात! जे काळं ते उंच, जे उजळ ते खोल. म्हणून नुसत्या स्पर्शानं चेहरा ओळखणं अवघड. पण चष्म्याची काळी कड, मिशांची ठेवण, काळ्या टोपीचा काठ बोटांना बरोबर सापडतो. पातळ-जाडमधला फरक जितका स्पष्ट, तितकं बोटांना सोपं.

शेवटी काही सूचना

१. मजबुती हवी असेल तर ती चौकटीत शोधा, चित्रात नको. लाकडी चौकट आणि मागून आधाराच्या पट्ट्या दिल्या की ०.८ मि.मी.चं चित्रही वर्षानुवर्षं राहतं.

२. मागे एलईडीच दिवा लावा. जुना तापणारा बल्ब, पणती किंवा निरांजन मेणाच्या आणि पीएलएच्या चित्रामागे ठेवू नये. मेण वितळतं आणि पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं. उन्हाळ्यात बंद मोटारीत राहिलं तरी वाकतं.

३. दिवा आणि चित्र यांत चार बोटांचं अंतर ठेवा किंवा मध्ये बटर पेपर लावा, म्हणजे दिव्याचे ठिपके दिसत नाहीत.

४. दिवसा उजेडाच्या खोलीत ठेवणार असाल तर दिवा प्रखर हवा. चित्राच्या पुढच्या बाजूवर खिडकीचा उजेड पडला, की मागचा दिवा फिका पडतो. देवघराजवळचा अंधारा कोपरा याला उत्तम.

५. धूळ मऊ ब्रशनं झाडावी. खोलगट जागी धूळ बसली की आधी तोंडावळाच काळवंडतो.

६. फोटोच मुळात सगळा गडद असेल तर जाडी कमी करून तो सुधारत नाही. आधी फोटो उजळून घ्यावा, मग जाडी ठरवावी. आणि मूळ फोटो दुकानात ठेवून येऊ नका, प्रतच द्यावी.

आपल्या घरात गेलेल्या माणसांचे फोटो भिंतीवर उंच लावायची रीत आहे. तिथून ती माणसं आपल्याकडे पाहतात, आपण मात्र सणावारी हार बदलण्यापुरतं त्यांच्याकडे पाहतो. दिवेलागणीला समईबरोबर एक बटण दाबलं आणि कोपऱ्यातून ओळखीचा चेहरा उजळला, तर घरातली लहान मुलंसुद्धा विचारतील, "हे कोण?" पण ते ओळख करून घेण्यासाठी, ओळख पटली नाही म्हणून नव्हे. दोन्हींमधला फरक अवघ्या दोन-तीन मिलिमीटरचा आहे.

पायऱ्यांची पट्टी करून पाहा. कोणत्या मालाला कोणते दोन आकडे निघाले ते मला जरूर कळवा. पुढच्या खेपेला, कोरून उरलेल्या मेणाचं काय काय करता येतं ते पाहू.